सोड्याच्या तळघरातली मेणबत्ती

हौसेला मोल नसतं म्हणतात, पण या दोघी बहिणींच्या हौसेला वजन मात्र भरपूर होतं. जुनी सोड्याची यंत्रं गोळा करायची, गंज खरवडायचा, नळ उजळायचे आणि पुन्हा फेसाळता सोडा येईपर्यंत त्यांचा पिच्छा सोडायचा नाही. घरात अशी अकरा यंत्रं उभी होती. जेवायचं टेबल कधीच घराबाहेर गेलं होतं; दोघी मांडीवर ताट घेऊन जेवायच्या. लग्नाचं कुणी विचारलं की धाकटी म्हणायची, "नवरा आणला तर ठेवायचा कुठे?"

बारावं यंत्र एका बंद दुकानात सापडलं. भर दुपारी दोघी व्हॅन घेऊन तिथे पोचल्या. संगमरवरी कट्टा आणि त्यावर मान वाकवून उभे असलेले तीन पितळी नळ. धाकटी तर खुळ्यासारखी हसतच सुटली. थोरलीची नजर मात्र जमिनीकडे होती. असल्या यंत्राचा जीव कट्ट्यावर नसतो, खाली तळघरात असतो. सोड्यात फेस आणणाऱ्या गॅसची टाकी तिथे, नळ्या तिथून वर येतात. टाकी सोडून नेलं तर ते नुसतं शोभेचं बाहुलं.

दुकानाचे म्हातारे मालक किल्ली द्यायला आले होते. किल्लीबरोबर त्यांनी एक मेणबत्तीही दिली.

"खाली गुडघ्याच्या उंचीवर ठेवा. हा गॅस जड असतो, पोरींनो. पाण्यासारखा तळाशी साचतो, माणूस गुदमरतो आणि कळतही नाही. ज्योत विझली की त्या क्षणी वर यायचं."

"पण काका, टाकी तर तीस वर्षं बंद आहे ना?" थोरलीने विचारलं.

"आहे." म्हातारे दारातच थांबले. "माझा भाऊ खाली पडला, तेव्हा वडील त्याला उचलायला उतरले. वडिलांना उचलायला आमचा कारागीर उतरला. मीही निघालो होतो, आईने मिठी मारून धरून ठेवलं म्हणून वाचलो. तेव्हा एक ऐका. खालून कुणीही हाक मारली, तरी उतरायचं नाही. कुणीही."

ते गेले तशी धाकटीने डोळे मोठे केले आणि "कुणीऽऽही" अशी नक्कल केली. थोरलीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला.

"गेलेल्या माणसांची थट्टा करू नये."

"बरं, आईसाहेब."

आई गेली तेव्हा धाकटी चार वर्षांची होती. वेण्या घालण्यापासून तापात रात्र रात्र उशाशी बसण्यापर्यंत सगळं थोरलीनेच केलं होतं. ती चिडली की धाकटी तिला आईसाहेब म्हणायची, आणि थोरलीला मनातून ते आवडायचं.

तळघराला सोळा पायऱ्या होत्या. खालून दुसऱ्या पायरीवर मेणबत्ती ठेवून थोरली टाकीपाशी गेली. ओलसर दगडाचा आणि जुन्या रबराचा वास येत होता. टाकीचा वाल्व जाम झाला होता. आता दुरुस्ती करणाऱ्यांना एक वाईट खोड असते, जाम झालेलं काही दिसलं की हात शिवशिवतात. रिकामीच तर आहे, म्हणून तिने पाना लावून एक हिसका दिला.

फुस्स झालं. वाल्वची चाकी अर्ध्यातच अडकली, ना पुढे जाई ना मागे. मेणबत्तीची ज्योत एका बाजूला वाकली.

थोरली धावतच वर आली. "टाकीत गॅस आहे अजून! मी व्हॅनमधून पंखा आणते, हवा खेळवू. तोवर तू दाराजवळसुद्धा जायचं नाहीस. कळलं?"

"कळलं गं बाई!"

व्हॅन गल्लीच्या टोकाला होती. पंखा काखोटीला मारून थोरली परतली, तेव्हा दुकानात कुणी नव्हतं. धाकटीचं फडकं कट्ट्यावर पडलं होतं. तळघराचं दार सताड उघडं, आणि खाली मिट्ट काळोख.

मेणबत्ती विझली होती.

"ताई…"

थोरलीने पंखा तिथेच टाकला.

"ताई, पाय हलत नाहीत गं… उचल मला…"

"छोटे! अगं, सांगितलं होतं ना तुला!" तिचा आवाज फाटला. म्हाताऱ्याचे शब्द आठवत होते, अगदी अक्षर न् अक्षर. पण ते ऐकायचं कुणी? खाली तिची पोर होती. तिने छाती भरून श्वास घेतला, ओठ घट्ट मिटले आणि ती उतरली. सोळा पायऱ्या खाली, सोळा वर. एका श्वासात होईल.

तळाशी काहीच दिसेना. ती वाकली, गुडघ्यांवर आली, फरशी चाचपू लागली. कानात नुसतं घुमत होतं. मग एका हाताने तिचा हात पकडला.

तिने जीव खाऊन ओढलं. पायरीमागून पायरी ती चढत होती आणि मागचं वजन धडपडत येत होतं. अर्ध्यावर तिच्या लक्षात आलं, हा तळवा खरखरीत आहे, रुंद आहे. धाकटी तर पॉलिशच्या कामाला हातमोजे घातल्याशिवाय बसत नाही. तरी तो हात तिला सोडवेना. आपलंच माणूस असलं तर?

वर उजेडात आली तेव्हा तिची मूठ रिकामी होती.

आणि रस्त्याकडच्या दारातून पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन धाकटी आत येत होती.

"अशी काय बघतेस भूत बघितल्यासारखी? तहान लागली म्हणून कोपऱ्यावर गेले होते. तळघरात नाही गेले हं, शप्पथ!"

थोरलीच्या डोळ्यांत पाणी आलं. पोर धडधाकट होती! तिने दोन्ही हात पुढे केले.

"छोटे…" खालून हाक आली. "छोटे, उचल मला…"

तो थोरलीचा आवाज होता. हुबेहूब.

धाकटीच्या हातून बाटल्या पडल्या. तिने काळोखाकडे बघितलं, मग थोरलीकडे, मग पुन्हा काळोखाकडे.

"ताई… खाली कोण आहे?"

थोरलीने मान हलवली. कुणी नाही, कुणी नाही.

"मग तू बोल ना काहीतरी." धाकटी रडकुंडीला आली. "एक शब्द बोल… तू बोलत का नाहीस?"

"छोटे, लवकर…" खालचा आवाज क्षीण होत चालला होता.

धाकटी मागे सरकली. थोरलीच्या पुढे केलेल्या हातांना वळसा घालून तिने पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या.

जाऊ नकोस. एवढंच तर म्हणायचं होतं. त्यासाठी थोरलीने अडवून धरलेला श्वास सोडायला तोंड उघडलं, आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं की छातीत श्वास नव्हताच, आणि नवा घ्यावा असं तिला वाटतही नव्हतं.