सतरा नंबरची तार

अँटेनाच्या बुडाशी बत्तीस तारा होत्या. मी दोनदा मोजल्या. मधोमध अठरा मीटर उंचीचा खांब, ॲल्युमिनियमचे सहा पाइप एकात एक बसवून केलेला. त्याला चार बाजूंनी नायलॉन दोरीचे ताण. बुडाशी तांब्याचं एक कडं, आणि त्या कड्याला नट-बोल्टांनी आवळलेल्या बत्तीस तारा, वीतभर खोल पुरून चहूबाजूंना नेलेल्या. प्रत्येक तार वीस मीटर. दुसऱ्या टोकाला खुंटी, खुंटीवर पत्र्याचा नंबर.

ऐंशी मीटरच्या लहरींवर बोलायचं तर घराजवळ एवढा पसारा लागतो. जमिनीत तारा नसल्या तर निम्मी शक्ती माती पिऊन टाकते. त्या तारा तुटू नयेत म्हणून बंडेप्पाकाकांनी शेतातलं तेवढं वर्तुळ तीस वर्षं नांगरू दिलं नाही. बिदर जिल्ह्यातल्या आमच्या मेहकरात त्याला सगळे ‘बंडेप्पाचं खळं’ म्हणत आणि हसत.

काका टेलिफोन खात्यात लाइनमन होते. हौशी रेडिओचं लायसन्स त्यांनी नोकरीत असतानाच काढलं. तारा सगळ्या खात्यातून बाद झालेल्या, प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या, बारीक तांब्याच्या. त्या काकांनी आणि गंगम्माकाकूंनी मिळून टाकल्या. एकानं सांधायचं, दुसऱ्यानं टोक ताणून धरायचं. वीस मीटरवरून ओरडायला नको म्हणून खूण ठरलेली होती : तारेला दोन झटके म्हणजे धर, तीन झटके म्हणजे सोड.

“धर म्हणले की धरायचं,” काकू सांगत. “सोड म्हणत न्हाईत तवर उन्हात उभं. एकदा जेवाय गेले अन् विसरले. मी दोन तास तार धरून!”

जानेवारीत काका गेले. आम्हा लिंगायतांत मयताला बसवून पुरतात, जमलं तर स्वतःच्याच शेतात. खड्डा मयताच्या पावलांनी मोजतात. जागा काकांनीच सांगून ठेवली होती, खळ्यात. डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवलं, भस्म लावलं, बेलाची पानं घातली. उजवा हात मोकळा मांडीवर राहिला.

खणताना शेजारच्या सुनीलकुमारची कुदळ एका तारेवर बसली. सतरा नंबर. पुरण्याआधी मी टेप लावून मोजलं. खांबाकडचा तुकडा आठ मीटर, खुंटीकडचा दहा मीटर साठ सेंटिमीटर. मधे खड्डा, एक मीटर चाळीस. दोन्ही टोकं खड्ड्याच्या समोरासमोरच्या भिंतींतून बोटभर बाहेर आलेली. मी त्यांना हात लावला नाही.

तिसऱ्या दिवशी मल्टिमीटरनं सगळ्या तारा तपासल्या. लांब जोडवायरीचा रोध वजा करून एकतीस तारांचा रोध १.७ ते १.९ ओम. सतराचा ३,२०० ओम, म्हणजे मधे नुसती माती. वहीत तसं लिहिलं आणि बिदरला, कॉलेजातल्या नोकरीवर परत गेले.

मार्चमध्ये सुनीलकुमारचा फोन आला. “शैलक्का, गंगम्मा अव्वा जेवंना गेलीय. दिवस बुडला की रेडिओपाशी बसायली. तू घेऊन जा बाई तिला, न्हाईतर पुढच्या महिन्यात दुसरा खड्डा मलाच खणावा लागल.”

मी आले तेव्हा काकूंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. धान्याच्या काट्यावर त्यांना उभं केलं. एकोणचाळीस किलो. जानेवारीत दवाखान्याच्या कागदावर सत्तेचाळीस होते.

“बिदरला चला,” मी म्हणाले.

“कामून? ते बोलवायलेत, अन् मी बिदरला जाऊ?”

संध्याकाळी त्यांनी रेडिओ लावला. खरखर. मग टक-टक. मग नुसती खरखर. मग टक-टक. घड्याळ लावलं. दर अकरा सेकंदांनी, दोनच.

“धर म्हणायलेत,” काकू म्हणाल्या.

मी हसले नाही, पण विश्वासही ठेवला नाही. रानडुकरांसाठी लोक कुंपणाला विजेचं झटका मशीन लावतात, त्याचा ठोका रेडिओत येतो. दुसऱ्या दिवशी मी सुनीलकुमारला त्याचं मशीन बंद करायला लावलं.

“डुकरं खाल्ली हरभरा तर तू भरून देशील का?” तो कुरकुरला, पण त्यानं बंद केलं.

टक-टक.

विहिरीवरची मोटर बंद केली. मग गावाची वीज गेली, रेडिओ बॅटरीवर चालू होता.

टक-टक.

अँटेनाची केबल काढली की आवाज बंद, लावली की सुरू. म्हणजे तो बाहेरूनच येत होता. तिसऱ्या संध्याकाळी मी पान्हा घेऊन खांबाच्या बुडाशी बसले. खिडकीत रेडिओचा आवाज मोठा ठेवला आणि एकेक तार कड्यातून सोडवत गेले. एक, दोन, तीन. सोळा काढली तरी ठोका येतच होता.

सतराचा नट सैल केला, तार कड्यावरून उचलली. आवाज थांबला.

तार परत टेकवली. टक-टक.

मी ती सोडवली, टोक बाजूला वळवून ठेवलं आणि बाकीच्या सोळा पुन्हा आवळल्या. एक नट तीनदा पडला.

काकूंना सांगितलं, तार खराब होती, बिघाड काढला. त्या बराच वेळ खरखर ऐकत बसल्या. मग म्हणाल्या, “बरं. जाऊ बिदरला.”

एवढ्या सहज म्हणाल्या म्हणून मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर मी त्यांचं लुगडं घडी करत होते. बॅग भरली. हाक मारली. घरात कोणी नव्हतं.

काकू खळ्याच्या कडेला होत्या. सतराव्या खुंटीपाशी, मांडी घालून, समाधीकडे तोंड करून. खुंटीची तार त्यांनी मुठीला तीन वेढे घेऊन धरली होती. बोटं निळी पडली होती.

“काकू, सोडा.”

“रेडिओतला आवाज बंद केलीस म्हणून काय झालं? खुंटी मला ठाव हाय.”

“ती तुटलेली तार आहे. तिच्या पलीकडे काही नाही.”

“मग वढ की.”

मी तार धरली. ती ताणलेली होती.

मी पक्कड काढली.

“तोडू नको, शैला.” आवाज चढला नव्हता. “सांधा अर्धा ऱ्हाईल.”

मी पक्कड तारेवर ठेवली. दाबली नाही.

सूर्य बांधाला टेकला.

काकूंचा हात समाधीच्या दिशेनं हलला. एकदा.

दुसऱ्यांदा.

तिसऱ्यांदा.

काकूंनी श्वास सोडला, वेढे उलगडले आणि मूठ उघडली. तळहातावर तीन वळ होते. तार जमिनीवर पडली, सैल.

“सोड म्हणले,” त्या म्हणाल्या. “आता भाकर दे. लई भूक लागली.”

त्या रात्री त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

सकाळी नऊला सुनीलकुमार गाडी घेऊन आला. काकू पुढच्या सीटवर जाऊन बसल्या, मागं वळून पाहिलं नाही. मी त्याला दहा मिनिटं थांबायला सांगितलं आणि मल्टिमीटर घेऊन खळ्यात गेले. समाधीवरची माती हललेली नव्हती. बेलाची वाळकी पानं जागच्या जागी होती. कड्यापाशी वळवून ठेवलेल्या टोकापासून खुंटीपर्यंत जोडवायर अंथरली, तिचा रोध वजा केला, मोजमाप तीनदा घेतलं आणि वहीत लिहिलं.

सतरा नंबर : १.८ ओम.