अस्वलाच्या खिडकीपाशी

मोजपट्टीचं दुसरं टोक कुणीतरी धरलंय, हे तिच्या लक्षात यायला जरा वेळच लागला.

प्राणिसंग्रहालयातल्या अस्वलाच्या आवारासमोर उकिडवी बसून ती कठड्याची लांबी मोजत होती. तिने मान वर केली. गुडघ्यापर्यंतचे बूट, बाहीला चिकटलेलं गवत, आणि नाराजी लपवण्याचा जराही प्रयत्न नसलेला चेहरा...

"पट्टी सुटली की खाडकन वाजते," तो म्हणाला. "आतलं म्हातारं दचकतं. म्हणून धरली."

"मग हळूच सोडा."

त्याने ती खरंच हळूच सोडली, वीत वीत करत. तिला उगाचच हसू आलं.

तो नऊ वर्षं त्या अस्वलाचा रखवालदार होता. ती आर्किटेक्ट. संग्रहालयाचं रूप पालटायचं काम तिच्याकडे आलं होतं. लोकांची तक्रार एकच, पाय मोडेस्तोवर चाला आणि प्राणी काही दिसत नाहीत. अस्वल तर दिवसभर गुहेत दडी मारून बसायचं. तिने तोडगा काढला होता. गुहा पाडायची आणि तिन्ही बाजूंनी काच लावायची.

त्याने नकाशा उलटसुलट फिरवून बघितला. "छान काढलाय."

"पण?"

"मी 'पण' म्हटलं नाही."

"तोंडावर लिहिलंय की."

"तुमच्या घराच्या भिंती काचेच्या केल्या," तो शांतपणे म्हणाला, "तर सुखाने दोन घास खाल?"

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. महिनाभराच्या कष्टांवर हा माणूस एका वाक्यात पाणी ओतत होता. "लोक बघायलाच येतात इथे."

"एक दिवस बसून बघा. पट्टी न आणता. मग बोलू."

दुसऱ्या दिवशी ती गेली... नुसती हट्टाने. त्याने आवाराला लागूनच असलेल्या चाऱ्याच्या खोलीत बादली पालथी घालून वर पोतं अंथरलं होतं. दाराच्या फटीतून दोघं बघत बसले. बाहेर लोक ओरडत होते, कठडा बडवत होते. अस्वलाचं नाकसुद्धा दिसलं नाही. दुपारी गर्दी जेवायला पांगली, तसं ते डुलत डुलत बाहेर आलं. ओंडक्याच्या भोकात त्याने ठेवलेला मध ते डोळे मिटून चाटू लागलं. ती श्वास घ्यायची विसरली.

मग तिच्या लक्षात आलं, तो अस्वलाकडे बघतच नव्हता.

"अस्वल तिकडे आहे," ती म्हणाली.

"ते रोजचंच आहे."

त्यानंतर ती रोजच जाऊ लागली. एकदा बारीक पाऊस आला, पत्र्यातून बादलीवर पाणी टपकलं, आणि सरकता सरकता दोघांचे खांदे टेकले. पाऊस थांबला तरी कुणी उठलं नाही.

"आठ दिवस झाले," घरी आत्या म्हणाली. "एवढं काय मोजतेस गं त्या अस्वलाचं?"

"काम असतं, आत्या."

"असणारच. केस विंचरून जाण्याइतकं काम."

तिने नकाशा नव्याने काढला. गुहा तशीच. समोर बसकी लाकडी झोपडी, आत अंधार, भिंतीला अरुंद खिडक्या. एका वेळी वीसच माणसं आणि आवाज बंद.

संग्रहालयाच्या साहेबांनी कपाळाला हात लावला. "लोक तिकीट काढून वाट बघत बसणार?"

"मी बसले, साहेब. मला आवडलं."

साहेबांनी जरा विचार केला. "पंधरा दिवस देतो. तेवढ्यात दिसलं नाही तर काच. आणि काचेत ते रमणार नसेल, तर दुसऱ्या गावच्या संग्रहालयात धाडू. रखवालदारासकट."

झोपडी उभी राहिली. पहिले बारा दिवस अस्वल फिरकलं नाही. नवी लाकडं, नवा वास... लोक कुरकुरत निघून जात. तेराव्या दिवशी ती खिडकीपाशी बसली होती, तेव्हा तो मागे येऊन उभा राहिला.

"काल रात्रभर झोपला नाहीत वाटतं."

"तुम्ही निघून जाल," ती बोलून गेली. मग घाईने म्हणाली, "म्हणजे... अस्वल जाईल."

"आधीचंच ऐकू आलं मला."

तेवढ्यात बाकावरचे आजोबा मांडीवरच्या नातीच्या कानात काहीतरी पुटपुटले. अस्वल गुहेच्या तोंडाशी आलं होतं. ते खिडक्यांकडे हुंगत आलं, फतकल मारून बसलं आणि पोट खाजवू लागलं. वीस माणसं मिळून एकही आवाज करत नव्हती. कोपऱ्यात उभ्या असलेल्या साहेबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि "राहू दे झोपडी" एवढंच कुजबुजून ते निघून गेले.

हळूहळू लोकही पांगले. दोघंच उरले.

"आता मी कुठे जात नाही," तो म्हणाला.

"कळलं."

"तुमचं काम मात्र संपलं."

"हो. उद्यापासून यायला काही निमित्तच नाही."

तो टोपी हातात घेऊन फिरवत राहिला. "निमित्त म्हणून... मी चालेन?"

"काय म्हणालात? जरा मोठ्याने."

"इथे मोठ्याने बोलायला तुम्हीच बंदी घातलीय."

तिला हसू आवरेना. त्याच्या बाहीवरची गवताची काडी तिने अलगद काढली, पण हात मागे घेतला नाही.

"चालशील," ती म्हणाली.

तो एकेरी शब्द कळायला त्याला क्षणभर लागला... आणि मग त्याचे कान लालबुंद झाले.