एकटीचा फोटो

दुकान बंद करायची वेळ झाली की नेमकं कुणीतरी टपकतं, हा गिझबर्नच्या कॅमेऱ्यांच्या दुकानात काम करणाऱ्या एरेनाचा कायमचा अनुभव. जुलैतल्या, ऐन हिवाळ्यातल्या त्या संध्याकाळीही तसंच झालं. दक्षिण ध्रुवाकडचा वारा हाडं गोठवत होता, तिने शटर अर्धं ओढलं होतं, आणि त्या अर्ध्या शटरखालून वाकून एक भलामोठा माणूस आत आला. अंगात रस्त्यावर काम करणाऱ्यांचा नारिंगी कोट, कोटातून टपटप गळणारं पाणी आणि हातात... एक दांड्याची पाटी. एका बाजूला ‘थांबा’, दुसऱ्या बाजूला ‘हळू’.

“ती पाटी बाहेर ठेवा,” एरेना म्हणाली.

“बाहेर ठेवली तर कुणीतरी नेईल. मग उद्या गाड्या कशाने थांबवू?”

“नुसता चेहरा दाखवा. घाबरून थांबतील.”

तो हसला. हसल्यावर मात्र त्याचा चेहरा घाबरण्यासारखा मुळीच नव्हता, हे एरेनाला नको तेव्हा लक्षात आलं. तिने उगाचच काउंटर पुसायला घेतलं.

“मला कॅमेरा हवाय,” तो म्हणाला. “कुणाला न कळता फोटो काढता येईल असा.”

एरेनाचा हात थांबला. “कुणाचा फोटो?”

“माझ्या मावशीचा.”

तिला हायसं का वाटलं, ते तिलाच ठाऊक.

त्याचं नाव तामाती. किनाऱ्याने दोन तास वर गेलं की त्याचं गाव. आई लहानपणीच गेली, आणि आईच्या थोरल्या बहिणीने, हूरियामावशीने, त्याला वाढवलं. त्याला आणि गावातल्या निम्म्या पोरांना. तिला स्वतःचं मूल नाही. ज्याचं घर मोडलं त्याचं पोर मावशीच्या ओट्यावर, असा त्या गावाचा रिवाजच होऊन गेला होता. आता मावशीच्या छातीत काहीतरी बसलं होतं, आणि डॉक्टर वसंताच्या पलीकडचं काही बोलत नव्हते.

“तिचे फोटो खूप आहेत,” तामाती म्हणाला, “पण प्रत्येकात कडेवर एक पोर. एकटीचा एकही नाही. आणि ती सगळी पोरं अजून जिवंत.”

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. गेलेल्यांचे फोटो मराएवरच्या, म्हणजे गावाच्या सामायिक आवारातल्या, सभाघराच्या भिंतीवर लागतात. त्या भिंतीवर जिवंत माणूस लावत नाहीत. एकटीचा फोटो नसेल तर सगळ्या गावाला वाढवणारी बाई भिंतीवर येणारच नाही.

एरेनाचे वडील तिच्या गावच्या भिंतीवर होते, पण रग्बी संघाच्या जुन्या फोटोतून कापून काढलेले. बाकीचे चौदा जण जिवंत म्हणून चौदा खांदे आणि एक चेंडू कापला गेला, नखाएवढा चेहरा ताणून मोठा केला. डोळ्यांच्या जागी दोन करडे ठिपके. बाबांचे डोळे कसे होते ते तिला त्या फोटोवरून कधी कळलं नाही. कदाचित म्हणूनच ती या दुकानात होती.

तिने दोन कॅमेरे काउंटरवर ठेवले. एक खिशात मावणारा, साबणाच्या वडीएवढा डिजिटल. दुसरा डीएसएलआर, त्यातला सगळ्यात साधा, तरी लेन्ससकट चांगला दणकट.

“छोटा कुणाला दिसत नाही,” ती म्हणाली. “पण घरात अंधार असेल तर फ्लॅश मारतो, चेहरा पांढराफटक येतो. मोठा नुसत्या खिडकीच्या उजेडावरही काढेल. माणूस जसा आहे तसा.”

तामातीने मोठा हातात घेतला, लगेच खाली ठेवला. “हा घेऊन गेलो तर मावशी विचारेल, तोफ कशाला आणलीस म्हणून.”

“मग सांगा कशाला आणली ते.”

“ते सांगता आलं असतं तर...” त्याने छोटा घेतला.

त्यानंतर तो वारंवार येऊ लागला. एकदा कार्ड हवं म्हणून, एकदा कॅमेऱ्याला पिशवी हवी म्हणून, एकदा नुसताच, बॅटरी कशी चार्ज करायची ते पुन्हा विचारायला. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, दोघांनाही आठवणार नाही.

“तू बॅटरी विचारायला दोन तास गाडी चालवत आलास?”

“रस्ता चांगला आहे.”

“रस्ता खचलाय. तूच तिथे पाटी घेऊन उभा असतोस.”

“म्हणूनच मला आधी सोडतात,” तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि एरेना दिवसभर आठवून हसत राहिली.

मग एका शनिवारी तो आला तो पडेल चेहऱ्याने.

“कॅमेरा कुठाय?”

“जप्त झाला.” त्याने स्टूल ओढलं आणि बसला. “मावशी चुलीपाशी बसली होती. मी खिशातून काढला, हळूच... आणि फ्लॅश पडला. तिने हात पुढे केला. मी दिला. तिने एप्रनच्या खिशात टाकला आणि म्हणाली, ‘मी अजून चहा पितेय, तामाती. आणि तू मला चोरून भिंतीवर टांगायला निघालास?’” तो आपल्या हातांकडे बघत होता. “त्या दिवशी ती जेवली नाही. माझ्याशी अजून बोलत नाही.”

एरेनाने कपाटातला मोठा कॅमेरा काढून त्याच्यासमोर ठेवला.

“हा लपत नाही,” ती म्हणाली. “हा टेबलावर ठेवायचा आणि तोंडाने विचारायचं.”

“काय विचारू? तू मरणारेस, फोटो देतेस का?”

“ती जाणार हे तिला ठाऊक आहे रे. तुला ते तिच्या तोंडावर बोलता येतं का, एवढंच तिला बघायचं असेल.”

त्याचे डोळे भरून आले, आणि त्याने ते लपवले नाहीत. एरेनाला तो त्या क्षणी फार आवडला. आधीही आवडत होता, पण आता तिने ते स्वतःशी मान्य करून टाकलं.

मावशीच्या हाताखालून गेलेल्या सगळ्या पोरांनी वर्गणी काढली आणि पुढच्या आठवड्यात तामातीने मोठा कॅमेरा घेतला. जाता जाता दारात थबकला. “तू येशील? एवढी बटणं... आणि मी एकटा गेलो तर न विचारताच परत येईन. मला माहितेय.”

रविवारी ती गेली. मावशीचं स्वयंपाकघर बुटकं, धुरकटलेलं. टेबलावर तळलेला पाव आणि शिंपले. तामातीने कॅमेरा पावाच्या शेजारीच ठेवला.

“केवढं हे धूड!” मावशी म्हणाली. बोलली ती एरेनाशी. “आणि तू कोण गं? याला खिशात घालायचा कॅमेरा विकणारी तूच ना?”

“हो, मावशी. पण मी मोठाच घे म्हणाले होते.”

“याने कधी कुणाचं ऐकलंय?”

तामातीने पावाचा तुकडा खाली ठेवला. “मावशी...” तो थांबला. एरेनाने टेबलाखालून त्याचा हात घट्ट धरला. “मावशी, तू गेल्यावर मला तू भिंतीवर हवी आहेस. आमच्यापाशी तुझा एकटीचा फोटो नाही. माझ्यासाठी बसशील?”

चुलीवर किटली खदखदत होती. मावशी त्याच्याकडे बघत राहिली.

“हे आधीच तोंडाने बोलायला काय झालं होतं?” ती हळूच म्हणाली.

“भीती वाटली.”

“मलाही वाटते, बाळा.” तिने त्याच्या डोक्यावर टपली मारली आणि उठून आत गेली. आली ती काळा झगा घालून, गळ्यात हिरव्या दगडाचा लोलक घालून. खिडकीपाशी खुर्चीत ताठ बसली.

एरेनाने लेन्समधून बघितलं आणि तिला बटण दाबवेना. मावशीचे हात... त्यांना काय करावं ते कळत नव्हतं. मांडीवर ठेवले, उचलले, एकमेकांत गुंतवले, सोडले. जन्मभर त्या हातांत कुणाचं तरी पोर होतं. आज काहीच नव्हतं.

“कुठे ठेवू गं हे?” मावशीने विचारलं. तिचा आवाज पहिल्यांदाच कापरा झाला होता.

“तामाती,” एरेना म्हणाली, “माझ्या मागे येऊन उभा राहा. तिला दिसशील असा.”

तो येऊन उभा राहिला. मावशीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, एवढा मोठा झालेला. तिचे हात मांडीवर उघडे झाले आणि तसेच शांत राहिले, नुकतंच एखादं पोर खाली उतरवल्यासारखे. एरेनाने बटण दाबलं.

“झालं? आता तुम्ही दोघं उभे राहा,” मावशी म्हणाली आणि खुंटीवर टांगलेल्या एप्रनच्या खिशातला जप्त कॅमेरा शोधून तिने डोळ्यासमोर धरला.

“मावशी, आम्ही दोघं म्हणजे... तसं काही...”

“मी म्हातारी आहे, आंधळी नाही. जवळ उभे राहा!”

क्लिक झालं. कॅमेरा पुन्हा एप्रनच्या खिशात गेला.

सप्टेंबरात, वसंत लागून कोवाईच्या झाडांना पिवळी फुलं आली तेव्हा मावशी गेली. मोठ्या कॅमेऱ्यातला फोटो शवपेटीशेजारी ठेवला होता, आणि माणसं पेटीतल्या मावशीशी आणि फोटोतल्या मावशीशी सारखंच बोलत होती. एरेना रांगेतून गेली. प्रत्येकाच्या नाकाला नाक लावून, श्वासात श्वास मिसळून भेटायचं. तामातीपाशी आल्यावर तिने डोळे मिटले. त्याने कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं आणि रांगेच्या रिवाजापेक्षा जरा जास्त वेळ तसंच राहू दिलं.

मग तो दुकानात यायचा थांबला. आता बॅटरी नव्हती, कार्ड नव्हतं, यायला निमित्तच नव्हतं. एरेना रोज शटर अर्धंच ओढून थोडा वेळ थांबायची. शेवटी तिला स्वतःचाच राग आला. त्याला विचारायला शिकवणारी ती, आणि स्वतः मात्र निमित्ताची वाट बघत बसली होती! एका सकाळी तिने गाडी काढली.

खचलेल्या रस्त्यापाशी नारिंगी कोट दिसला. त्याने तिची गाडी ओळखली, आणि ‘हळू’ची पाटी फिरवून ‘थांबा’ केली. तिच्या मागे गाड्या साचू लागल्या. तो खिडकीशी आला.

“मी येणारच होतो,” तो म्हणाला. “हे सापडलं. तिच्या एप्रनच्या खिशात.” त्याने छोटा कॅमेरा पुढे केला.

पडद्यावर ते दोघं होते. एरेना कॅमेऱ्याकडे बघून अवघडून हसत होती. तामाती कॅमेऱ्याकडे बघतच नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, आणि त्या नजरेत काय आहे ते कुणाला विचारावं लागलं नसतं. उजव्या कोपऱ्यात एक जाडसर, धूसर गुलाबी डाग होता.

“मावशीचा अंगठा,” तामाती म्हणाला. “लेन्सवर आलाय. दुकानात तुम्ही कोपरे कापून देता ना?”

“हात लावून तर बघ.” एरेनाने कॅमेरा त्याच्या हातून ओढून घेतला. “तिथे मावशी आहे.”

“मग हा भिंतीवर लागायचा नाही. दोन जिवंत, एक गेलेली.”

मागच्या ट्रकने भोंगा वाजवला.

“सभाघराच्या नको लागू दे,” एरेना म्हणाली. “आपल्या घराच्या लागेल.”

शब्द तोंडातून गेल्यावर तिला ते ऐकू आले. त्यालाही आले. ट्रकवाल्याने पुन्हा भोंगा वाजवला, त्याच्या मागच्याने वाजवला, पण तामातीने पाटी फिरवली नाही. तो खिडकीतून आत वाकला आणि त्याने आपलं कपाळ तिच्या कपाळाला टेकवलं.