पाचच्या भोंग्याआधी

"वल्लाही, देवाशपथ, मी चोर नाही!"

टांगेवाला शहाता ओरडत होता. पोलिसाने त्याचा दंड सोडला नव्हता. कैतबे किल्ल्यासमोर ही गर्दी जमलेली.

पलीकडे बंदरात क्रूझ उभी होती, पाचला सुटणार होती. त्याआधी बोटीवरच्या पाहुणीची हरवलेली अंगठी मिळाली नाही तर शहाता आत, परवाना जप्त. घोड्याला दाणापाणी कोण देणार?

नाझली हानेम जवळच्याच कहवाखान्यात चहा पीत होत्या. अलेक्झांड्रियात खासगी तपास करायचं त्यांचं काम. ओरडा ऐकून त्या उठल्या. मागून दीर लबीब धापा टाकत आला.

"वहिनी, सरळ आहे. बाईचा हात धरून उतरवलं आणि अंगठी काढली."

"तुला सगळं सरळच दिसतं. वळण आलं की तू झोपतोस."

तक्रार करणारी बाई म्हणजे देस्पिना. सत्तरीची ग्रीक. जन्म इथलाच, पण आठव्या वर्षी आईबापांबरोबर अथेन्सला गेली ती आज परत आली, तेही एका दिवसासाठी. अरबी मोडकी, पण हेल अजून इथलाच.

तिने उजवा हात पुढे केला. बोटावर पांढरा वळ होता.

"लग्नाची अंगठी हो. नवरा वसंतात गेला. मी वाळले, अंगठी सैल झाली, म्हणून दोरा गुंडाळला होता. सकाळी बोटीवर तो तुटला. म्हटलं, रात्री बघू."

"शेवटची कधी पाहिलीत?"

"अनफूशीच्या बाजारात, तळलेले मासे घेताना. मासेवाला म्हणाला, छान आहे अंगठी. मग गाडीतच खाल्ले, भाकरीत भरून. अजून बोटांना तेल-लिंबाचा वास येतोय. इथे उतरले, कागदाने हात पुसायला गेले, तर बोट मोकळं!"

"आणि उतरताना हात कोणी धरला?" पोलीस म्हणाला.

"मी धरला!" शहाता उसळला. "म्हातारी बाई, पडू देऊ का? उलट हिनेच माझ्या गाडीत अर्धी भाकरी पायाखाली टाकली. भाकरी! पायाखाली! मी उचलली, ओठांना लावली, उंचावर ठेवली. बोललो का काही? पाहुणी म्हणून गप्प बसलो, आणि हे बक्षीस!"

"टाकली नाही, सीटवर ठेवली होती," देस्पिना पुटपुटली. "पोट भरलं म्हणून. घसरली असेल."

"बघा, वहिनी, विषय बदलतोय," लबीब कुजबुजला.

नाझली हानेम गिर्गिसकडे वळल्या. किल्ल्यासमोर पर्यटकांचे फोटो काढणारा हा, आणि अंगठी गेल्याचं कळलं तेव्हा सगळ्यात जवळ.

"मी हात नाही लावला, मदाम! मी फोटो काढतो, बोटं नाही. गाडी थांबल्या थांबल्या एक काढला, हा बघा."

कॅमेऱ्यात देस्पिना गाडीत उभी होती. उजवा हात उंच करून हसत हलवत होती. शहाता पुढे घोड्याच्या तोंडाशी, पाठमोरा.

लबीबनेही वाकून पाहिलं. "छान आलाय," म्हणाला.

नाझली हानेमनी कॅमेरा पोलिसाच्या नाकासमोर धरला. "बाळा, तो दंड सोड आता."

"का, मदाम?"

"हात बघ. फोटोतलाच. अंगठी कुठे आहे?"

पोलिसाने बघितलं. परत बघितलं. बोट मोकळंच होतं.

"शहाता अजून घोड्यापाशी आहे. त्याने हात धरायच्या आधीच अंगठी गेलेली. गिर्गिस तर त्याहून लांब. अनफूशीत होती, इथे नाही. मधल्या वाटेत मागच्या सीटवर दुसरं कोणी होतं?"

"मी एकटीच," देस्पिना म्हणाली.

"मग चोरलीच नाही कुणी. दोरा तुटलेला. बोटं तेलकट. आपली भाकरी आतून पिशवीसारखी पोकळ. तुम्ही बोटं खोल घालून मासे भरलेत, बोटं बाहेर आली, अंगठी आतच राहिली."

"मग भाकरी..."

"दुसऱ्या कुठल्याही गावात ती कचऱ्यात गेली असती. पण इथे पायाखालची भाकरी कोणी सोडत नाही. शहाताकाका, उंचावर म्हणजे कुठे ठेवलीत?"

शहाताने बोट दाखवलं. रस्त्यापलीकडे बंद पाणपोईच्या कठड्यावर एक बोका बसून मिशा चाटत होता.

"हट्!" लबीब धावला. आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या पुढे होता.

बोक्याने मासे संपवले होते. भाकरी तशीच होती. देस्पिनाने ती उकलली. आत, तेलात माखलेली अंगठी.

ती रडली. मग शहातासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही उचलली म्हणून राहिली. आणि मी तुम्हाला चोर म्हटलं. माझी आई असती तर दोनदा मारलं असतं मला. एकदा भाकरीसाठी, एकदा तुमच्यासाठी."

"आई इथलीच होती ना," शहाता म्हणाला. "मारलंच असतं."

ती हसली. पोलीसही हसला आणि हळूच सटकला.

"बोटीला अजून तास आहे," देस्पिना म्हणाली. "शहर बघून झालं. तुमच्या बायकोच्या हातचा चहा मिळेल? तिच्यासमोर तुमची माफी मागायचीय मला."

"मिळेल की. ओरडेल मात्र, आधी का नाही सांगितलं म्हणून."

एवढं बोलून शहाता लगाम नीट करायला वळला आणि घोड्याच्या मानेत तोंड खुपसून उभाच राहिला. खांदे हलत होते.

लबीब पुढे जायला लागला. नाझली हानेमनी त्याची बाही ओढली.

"राहू दे. देवाचे आभार मानतोय तो."