पुढल्या पुस्तकाची पहिली ओळ

दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आम्हा एरंडोलच्या चार-सहा वाचणाऱ्यांचा वाचनालयात चहा असतो. वर्षभरात वाचलेली कोणती कादंबरी सगळ्यात आवडली, ते प्रत्येकाने सांगायचे. मग वाद घालायचा आणि चहा गार करून प्यायचा. यंदा, म्हणजे १९४३च्या पाडव्याला, मी गेलो नाही. ग्रंथपाल गिरधरभाऊंचा निरोप आला होता, पण उत्तर धाडायचेही त्राण नव्हते.

यंदा मी वाचले ते सगळे मंजुळेसाठी. मी शाळेतून निवृत्त झालो आणि माझी ही बायको अंथरुणाला खिळली. कमरेखाली बळच राहिले नाही. डॉक्टरांनी हात टेकले. तिला अक्षरओळख नाही, म्हणून मी तिला कादंबऱ्या वाचून दाखवू लागलो. लढाईमुळे रॉकेल मिळेना, तेव्हा उजेड असेतो वाचायचे. घसा बसायचा, पाठ धरायची. मी पार थकलो होतो. पण ती गेली तर हे घर खायला उठेल, ही भीती थकव्याहून मोठी होती.

तिच्या माहेरी पोथी वाचताना अध्याय संपला म्हणून थांबत नसत. पुढल्या अध्यायाची एक ओवी वाचायची आणि मगच पोथी बांधायची. तोच नेम तिने कादंबऱ्यांना लावला. पहिली कादंबरी संपली तेव्हा पंचाईत झाली. वाचनालयातून एका वेळी एकच पुस्तक मिळते, तेव्हा पुढल्या पुस्तकाची ओळ आणायची कुठून? मंजुळा ऐकेना.

"कथा अर्धी ऱ्हायनी म्हणजे आयकनारा भी ऱ्हास," ती म्हणाली.

कथा बाकी असेतो ऐकणाराही मागे राहतो, असा तिचा हिशेब. मी मिटल्या पुस्तकाकडे बघत ठोकून दिले, "टांगा वेशीपाशी आला आणि घोडा पुढे पाऊल टाकेना." तिचे समाधान झाले.

दुसऱ्या दिवशी गिरधरभाऊंनी हाताला लागेल ते पुस्तक दिले. त्याची पहिली ओळ तीच होती.

कधीतरी पूर्वी वाचले असेल, अशी मी समजूत घातली. माणूस मास्तरकी करून म्हातारा झाला की त्याला कशाचेही कारण सापडते. ते पुस्तक संपल्यावर मात्र मुद्दाम असे वाक्य रचले, की शुद्धीतला कोणी लेखक त्याने कादंबरी सुरू करणार नाही: "फैजपूरच्या मामांनी केळीवर धोतर वाळत घातले."

पुढचे पुस्तक पुण्याला छापलेले होते, आणि तेही कैक वर्षांपूर्वी. पाने अजून कापलेली नव्हती. ती मीच सुरीने कापली. पहिल्याच ओळीत मामा होते, केळ होती, धोतर होते.

मी मंजुळेला काही सांगितले नाही. पण ते पुस्तक वाचताना माझे लक्ष कथेत नव्हते. मनात एकच वाक्य घोळत होते. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी पुस्तक संपले, आणि मी तिचा हात हातात घेऊन म्हणालो, "मंजुळा सकाळी उठली आणि आपल्या पायांनी विहिरीवर गेली."

तिने हात सोडवून घेतला.

"हाई नका वाचू," ती म्हणाली. "हाई मिटी टाका."

मी पुस्तक मिटून उशाशी ठेवले आणि झोपलो.

सकाळी तिची जागा रिकामी होती. मी अनवाणी विहिरीकडे धावलो. मंजुळा पाणी शेंदत होती. भरली घागर कमरेवर घेऊन ती माझ्यापुढून घरात गेली. मला रडूच फुटले. लाज नाही वाटली.

तशीच धावपळ करून मी गिरधरभाऊंच्या घरून नवे पुस्तक आणले. भाऊ चहाची आठवण करत होते, मी ऐकलेही नाही. ओट्यावर बसून पुस्तक उघडले. माझी ओळ होती. मी मोठ्याने वाचली. चुलीपाशी मंजुळा भाकरी थापत होती.

"काबर थांबनात? पुढे वाचा."

पुढचे वाक्य माझे नव्हते.

'मागे अंथरूण रिकामे राहिले नाही.'

मी ते मनातच वाचले. उठायला गेलो तर कमरेखाली बळच नव्हते.

मंजुळा हात पुसत आली. माझ्या काखेत हात घालून तिने मला सहज उचलले.

"थकी गयात तुम्ही. पडा आते."

खरेच थकलो होतो. मी आडवा झालो. ती केव्हाच उठून गेली होती, तरी गोधडी ऊन होती.