रुखवतातली रेसची गाडी

कापसाचे दिवस आले की खामगावच्या बाजारात रुई उडते, आणि ती कुणाच्याही डोक्यावर बसते. शेटजी बघत नाही, हमाल बघत नाही. त्या दिवशी ती द्वारकेच्या केसांत जाऊन बसली होती आणि द्वारकेला पत्ताच नव्हता. तिचे दोन्ही डोळे हैदरभाईंच्या सायकलच्या दुकानातल्या दोन खोक्यांवर खिळले होते.

खरं म्हणजे ती काकूंबरोबर आली होती क्रोशाचा दोरा घ्यायला. वरवट बकालच्या किसनरावांची ही धाकटी लेक. लग्न अजून ठरलं नव्हतं, पण घरात रुखवताची तयारी सुरू झाली होती. नवरीच्या हातच्या वस्तू मांडवात मांडायच्या आणि वरपक्षानं त्या पाहून तोंडात बोटं घालायची, अशी आपली रीत. आता नवरीच्या हातच्या म्हणजे कशा? अर्ध्या आळीनं विणलेल्या, उरलेल्या मावशीनं शिवलेल्या, आणि नाव मात्र नवरीचं! मागच्या उन्हाळ्यात द्वारकेच्या चुलतबहिणीच्या, शालूच्या लग्नात वराकडच्या एका बाईनं सरळ सुई तिच्या हातात ठेवली. "एवढं तोरण विणलं वं बाई, दोन टाके आमच्यासमोर घाल बरं!" शालूला ते घालता आले नाहीत. सगळा मांडव हसला, आणि शालू डोळे पुसत बोहल्यावर चढली.

द्वारकेनं त्याच दिवशी मनाशी गाठ मारली. माझ्या रुखवतात एकच वस्तू असली तरी चालेल, पण ती सगळीच्या सगळी माझ्या हातची असेल. कुणी विचारलं तर मान वर करून सांगता येईल अशी.

आणि आता समोर ही दोन खोकी होती. हैदरभाईंचा भाचा जहाजावर होता, त्यानं जपानहून धाडलेली. आत प्लास्टिकचे तुकडे, आणि ते जोडून रेसची गाडी करायची. लहान खोक्यावर लाल गाडी, दहा-बारा तुकड्यांची, रंगसुद्धा आधीच दिलेला. मोठ्या खोक्यावर हिरवी, हातभर लांब. चाकं अंगाबाहेर, इंजिन उघडं, चाकांना खऱ्याखुऱ्या स्प्रिंगा... आणि स्टिअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळणार! बापाच्या विहिरीवरचं ऑइल इंजिन रोज हँडल मारून सुरू करणारी पोरगी ती. तिच्या तळहातांना मुंग्या आल्या.

"लहान घ्या," मागून कुणीतरी म्हणालं. "मोठं लय किचकट हाये."

द्वारका वळली. उंच, सावळा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, मनगटाला ग्रीस लागलेलं. समोरच्या कापसाच्या जिनिंग मिलमध्ये यंत्रं सांभाळणारा रंगराव तो, पण तिला ते कुठून माहीत असणार?

"तुमाले कोनं इचारलं?"

"कोनंच नाई," तो हसला. "पन मोठं खोकं मले पाह्यजे होतं ना... म्हनून म्हटलं, तुमी लहान घेतलं तं बरं."

"वा! म्हंजे किचकट मले, अन् सोपं तुमाले?"

हैदरभाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "रंगराव, मोठं खोकं एकच हाये, अन् बेटीनं पहले हात लावला. तुमच्यासाठी मी दुसरं मंगवून देतो."

द्वारकेनं खोकं उघडून आतला कागद पाहिला. चिमण्या नाचून गेल्यासारखी अक्षरं, एकही ओळखीचं नाही. पण शेजारी चित्रं होती, बाण होते. ती बघत राहिली. हा दांडा इथे... ही चकती त्याच्या मागे... मग तिनं खोकं छातीशी धरलं.

"हेच देजा, चाचा."

"ठीक हाये, हारलो," रंगराव म्हणाला. "पन झाली की पाहाले तं भेटन ना?"

"माह्या रुखवतात मांडनार हावो मी. तिथं या."

"रुखवत तं नवरदेवाच्या मानसांसाठी असते..." तो जरासा थांबला. डोळे मात्र थांबले नाहीत. "मी कोनीकडून येऊ?"

द्वारकेचे कान तापले. एरवी सात गावच्या पोरांना गप्प करणाऱ्या तिनं आज घाईघाईनं पैसे ठेवले. ती तरातरा पायरी उतरली, तर मागून हळूच आवाज आला, "केसात रुई हाये... डाव्या बाजूनं." तिनं हात वर नेला तो उजव्या बाजूला, आणि मागे कुणीतरी खुदकन हसलं.

शेजारच्या दुकानातून मनकर्णाबाई काकू दोऱ्याची गुंडी घेऊन आल्या. पुतणीच्या हातातलं खोकं त्यांना दिसलंच नाही, त्यांना दिसला पोरगा. दोन मिनिटांत त्यांनी गाव काढलं, आडनाव काढलं, मामाचं घर काढलं. रोहिणखेडचा, वामनरावांचा थोरला, अजून लग्न व्हायचं आहे. मग कुठे त्या खोक्याकडे वळल्या आणि "हे काय वं माय!" म्हणून तिथेच डोक्याला हात लावला.

घरी गंमतच झाली. किसनराव पोट धरून हसले. आई म्हणाली, "लोक काय म्हनतीन?" द्वारका म्हणाली, "म्हनू दे." दुपारची कामं आटोपली की माजघरात ती पोतं अंथरून बसायची. प्लास्टिकच्या चौकटीत अडकलेला तुकडा कापून काढायचा, कडा घासायची, चित्र बघायचं, जोडायचा, चुकला की सोडवायचा. बोटांना डिंक, नाकाला हिरवा रंग. रंगवताना मधेच हात थांबायचा आणि उगीचच आठवायचं, डाव्या बाजूनं... मग स्वतःवरच चिडून ती पुन्हा ब्रश बुडवायची.

गाडी जवळजवळ उभी राहिली आणि घोडं अडलं. पुढच्या दोन चाकांना जोडणारी, स्टिअरिंगबरोबर सरकणारी बारीक दांडी खोक्यात नव्हतीच! सगळं पोतं झटकलं, घर झाडलं. नाहीच. गाडी देखणी, पण वळेना. द्वारकेला रडूच फुटलं.

काकूंना घेऊन ती पुन्हा खामगावला आली. काकू खुशीनं आल्या, त्यांचा हिशोब वेगळा होता. हैदरभाईंनी हाक मारायचा अवकाश, जिनिंगमधून रंगराव धावत आला. त्याचं खोकं येऊन त्याची गाडीही तयार झाली होती. गोष्ट ऐकून घेतली, निघून गेला आणि परत आला तो मुठीत काहीतरी घेऊन. त्यानं मूठ उघडली. तळहातावर ती दांडी होती.

"माह्या गाडीची काढून आनली. घ्या."

द्वारकेनं दांडीकडे पाहिलं. मग त्याच्याकडे. घ्यावीशी वाटली, फार वाटली. देणारा हातही किती आपला वाटला! पण शालूचा रडवेला चेहरा समोर आला.

"नाई. मंग ते माह्या हातचं नाई राह्यत."

"अवं, एवढीशी तं दांडी! कोनाले कळनार हाये?"

"मले कळन ना."

रंगरावनं दांडी खिशात टाकली. द्वारका हैदरभाईंना म्हणाली, "चाचा, सायकलची एक तार देजा. अन् पक्कड, कानस."

"वाकवून देऊ?" रंगरावनं विचारलं.

"नको."

"मंग मी काय करू?"

"पाहा," ती म्हणाली.

आणि तो पाहत राहिला. पहिली तार आखूड झाली. दुसरी तिनं दोन्ही टोकांना वाकवली, कानशीनं घासली, पिशवीतून आणलेल्या गाडीला लावून पाहिली, काढली, पुन्हा घासली. ओठ दाताखाली, कपाळावर घाम. यंत्रांत वाढलेल्या त्या माणसाला चार ठिकाणी बोलावंसं वाटलं, पण एकदाही तोंड उघडलं नाही त्यानं. शेवटी तिनं बोटानं स्टिअरिंग फिरवलं. चाकं वळली. डावीकडे... उजवीकडे...

द्वारकेनं मान वर केली. तिच्या तोंडावर जी फुशारकी होती ना, तसलीच्या तसली रंगरावच्या तोंडावर होती. जणू तार त्यानंच वाकवली होती! त्या क्षणी द्वारकेला कळलं, आपल्याला हा माणूस हवा. सरळ, साधं, स्वच्छ कळलं. पण बोलणार कोण?

महिन्याभरात रोहिणखेडहून मागणी आली. काकू सांगत सुटल्या, "म्याच जमवलं!" होकार दिला द्वारकेनं, पण मनात एक काटा राहिलाच. ही मागणी काकूंच्या जिभेनं आणली, की त्याच्या मनानं? विचारणार तरी कसं?

मांडव पडला. रुखवताच्या टेबलावर मधोमध हिरवीगार रेसची गाडी आणि शेजारी काही म्हणजे काही नाही. वऱ्हाडी मंडळी भोवती जमली. रंगरावची आत्या, सत्यभामाबाई, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तिच्या जिभेला सगळं रोहिणखेड भ्यायचं.

"हे तं इकतचं दिसते," आत्या म्हणाली. "बजारातून आनलं अन् मांडलं. यात पोरीच्या हातचं काय हाये?"

सगळ्या माना द्वारकेकडे वळल्या. शालू पुढे आली होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला. मुंडावळ्या बांधलेला रंगराव पुढे सरकला, काही बोलणार, तोच द्वारकेनं त्याच्याकडे पाहिलं. त्याला ती नजर ओळखीची होती. पाहा. तो थांबला.

"तुकडे इकतचे हायेत, आत्याबाई," द्वारका म्हणाली. आवाज कापला नाही. "जोडले म्या, रंगवले म्या. अन् हे पाहा..." तिनं गाडी उलटी केली. "ही तार कोन्याच खोक्यात नव्हती. सायकलची हाये. म्या वाकवली. आता फिरवा."

आत्यानं संशयानं बोट लावलं. चाकं वळली. आत्यानं पुन्हा फिरवलं. मग खाली वाकून पाहिलं. मग तिसऱ्यांदा फिरवलं, आणि तिच्या तोंडावर लहान पोरीसारखं हसू फुटलं.

"काय वं माय!" ती मांडवभर ओरडली. "या, या, पाहा! माह्या सुनेनं केली! सोता केली! हात नोका लावू कोनी, मी दाखवतो!"

किसनरावांनी फेट्याच्या टोकानं डोळे टिपले. शालू तर टाळ्याच वाजवत सुटली.

"आता नाव घे, पोरी," आत्या म्हणाली. "तुह्या तोंडून आयकू दे."

द्वारकेनं पदर सावरला.

"माह्या हातानं केली गाडी, नाई कोनाची उधारी,
रंगरावांचं नाव घेते, बसा म्हना शेजारी!"

मांडव दणाणला. त्या गलक्यात रंगराव तिच्याजवळ सरकला आणि त्यानं खिशातून काहीतरी काढून मूठ उघडली. तीच बारीक दांडी.

"ही... तुमी घेतली नाई ना," तो पुटपुटला. "मी परत लावलीच नाई. त्याच रात्री बाबाले सांगतलं, बायको करीन तं हेच. तवापासून माही गाडी वळत नाई."

मागणी काकूंच्या जिभेनं आणली नव्हती तर! द्वारकेचा काटा निघाला आणि डोळे भरले.

"वळत नाई... मंग जाते कशी?"

"सरळ. सरळ वरवट बकालले."

ती हसली. मग त्याच्या तळहातावरची दांडी तिनं उचलली आणि पदराच्या गाठीत घट्ट बांधली.

"ही आपन दोघं मिळून लावू," ती म्हणाली. कुणालाही हात लावू न देणारी ती पोरगी, तिनं हे म्हटलं! रंगरावनं मुंडावळ्या बाजूला सारून तिच्याकडे पाहिलं.

"पन..." द्वारकेनं मान ताठ केली, "चालवीन मी."