वरच्याचा तोडा

कडूबाई न्हाणीत पडल्या. साबणावरून पाय गेला, खुबा मोडला. सावेडीतल्या आमच्या हॉस्पिटलात असे खुबे रोज येतात. पण कडूबाई डायलिसिसवर होत्या, आणि त्यांचा भाऊ मच्छिंद्र त्यांना किडनी देणार होता. तपासण्या जुळल्या होत्या. सांधा बदलताना बाहेरचं रक्त चढवलं, तर शरीर परक्याशी भांडायला शिकतं आणि पुढे भावाची किडनीही नाकारू शकतं. म्हणून ठरलं: जिवावर बेतल्याशिवाय रक्ताची पिशवी लावायची नाही.

मी भूलतज्ज्ञ. रक्त राखणं माझ्याकडे. आधी शिरेतून लोह दिलं, रक्तवाढीची इंजेक्शनं दिली. तपासणीचं रक्तसुद्धा लहान मुलांच्या बारक्या नळ्यांत घेतलं.

मच्छिंद्रला लगेच पटलं. "म्हंजी आमच्या गावावानीच. आडवायचं, जिरवायचं. टँकर न्हाई बोलवायचा."

गाव पारनेरकडचं. डोंगराला चर, पायथ्याला विहिरी.

"आन वरच्याचा तोडा," कडूबाई म्हणाल्या.

ते काय, विचारलं. तर वरच्या शेतात मुरलेलं पाणी खालच्याच्या विहिरीला येतं. म्हणून खालच्यानं भाजीचा पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा तोडलेली भाजी, वरच्याच्या दारात ठेवायचा. न बोलता.

"न बोलता का?"

"बोलायचं काय त्यात? ज्याचं जातं त्याला ठावं असतं."

शस्त्रक्रिया. नाही, आधी बसण्याची जागा सांगतो. भूलतज्ज्ञ रुग्णाच्या डोक्याशी बसतो. मध्ये हिरवा पडदा. पडद्यापलीकडे, पायांकडे, सर्जन.

कंबरेखाली बधिर केलं होतं. कडूबाई जाग्या होत्या. रक्त कमी वाहावं म्हणून इंजेक्शन दिलं. सर्जनने चीर घेतली.

"तुझं इंजेक्शन जरा जास्तच लागू पडलंय," तो हसत म्हणाला.

थोड्या वेळाने हसायचा थांबला.

रक्त ओढणाऱ्या नळीतून नुसत्या हवेचा आवाज येत होता. हाड कापलं तरी तोच. रक्तदाब उत्तम. इतका उत्तम रक्तदाब मला आवडत नाही.

"डॉक्टर, तुमचं शेत कुठंशी?" पडद्याअलीकडून कडूबाई.

"शेत नाही मला."

"असंल की. मानूस कुनाच्या तरी वर असतोच."

माझी बोटं गार पडली होती. एसी. तेव्हा मी एसीच म्हटलं.

टिपायच्या कापडी घड्या ज्योती सिस्टरने शेवटी उलगडून पाहिल्या. "सर, धुतल्यासारख्या आहेत."

संध्याकाळी हिमोग्लोबिन आलं. घसरायला हवं होतं. आधीपेक्षा जास्त. मशीन बदललं. आणखी जास्त.

कुणीतरी चुकून पिशवी लावली, दुसरं काय? रक्तपेढीला फोन केला. त्यांनी काही दिलंच नव्हतं. मच्छिंद्रला गाठलं.

"मी हितनं हललो न्हाई. कुनी काय लावलं न्हाई."

एक वेडा विचार आला: याचंच तर गेलं नसेल? त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. आत लालभडक.

"मी ठनठनीत हाय," तो म्हणाला. "तुमीच लई पांढरे दिसताय."

दुसऱ्या दिवशी जिन्याच्या मधल्या वळणावर मला धाप लागली. हा जिना मी पळत चढतो. चढायचो.

कडूबाई वॉकर धरून उभ्या राहिल्या. गालांवर रंग. किडनीसाठीची तपासणी पुन्हा केली, खात्री म्हणून. उत्तर स्वच्छ. शरीरात परक्या रक्ताची खूणच नाही. भावाची किडनी चालेल. सर्जनने माझी पाठ थोपटली.

परकं नाही. मग

ते वाक्य राहू दे.

दुपारी इंजेक्शनची काचेची कुपी मोडताना बोट कापलं. खोल. काच आत दिसत होती.

थांबलो.

दाबलं. कड पांढरी, कोरडी.

ज्योती सिस्टर कापूस घेऊन धावली. बोट पाहिलं. कापूस परत बरणीत ठेवला.

माझ्या खोलीकडे निघालो. भिंतीला धरून.

दारात, फरशीवर, धुतलेल्या फडक्यात गवारीच्या शेंगा होत्या. मूठभर. कोवळ्या, लुसलुशीत. देठांना अजून ओल होती.

कॉरिडॉरच्या टोकाला वॉकरचा आवाज. टक. टक. मी हाक मारली नाही.

पहिलाच तोडा होता. गवार महिनोन् महिने तोडता येते.